जुन्या जीपची ताकद वाढवताना: आधी मे महिन्याच्या दुपारचा विचार करा

महिंद्राची जुनी डिझेल जीप एमएम ५४० नवीनच घेतलेली मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात. काका, पंप (इंजिनात डिझेल सोडणारा) किती वाढवू? माझं उत्तर ठरलेलं आहे. पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी करायची कामं बरीच आहेत, त्यातल्या निम्म्यांना फारसा पैसा लागत नाही, आणि ती केल्यावर पंप वाढवायची गरज उरली आहे का, हे तुमचं तुम्हालाच कळतं. ती कामं कुठल्या क्रमाने करायची, ते इथे सांगतो.

मी हा क्रम उलटा करून शिकलो. गाडी घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये पंप मोकळा करून, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा करून आणला. होटगी रोडवर गाडी अशी पळाली की मी खूश. आठ दिवसांनी कुटुंबाला घेऊन तुळजापूरला निघालो, दुपारी एकची वेळ. घाटाच्या मध्यावर काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. दीड तास सावली शोधत बसलो. संध्याकाळी डिपस्टिक ओढून पाहिली तर तिच्यावर सायीसारखा पांढरट फेस. हेड गॅसकेट गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं, हेड लेथवर नेऊन सपाट करून घ्यावं लागलं. इंजिन वाईट नव्हतं. वाढलेली उष्णता बाहेर जायला वाट नव्हती, आणि ती वाट आधी करायला हवी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोलापूरचं ऊन आणि इंजिनची हवा

डिझेल इंजिन किती ताकद देणार, हे त्याला किती हवा मिळते यावर ठरतं. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारं यंत्र, नसलेल्या इंजिनला बाहेर आहे तेवढीच हवा ओढता येते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे मुंबईच्या मानाने हवा पाच टक्के विरळ. त्यात पंचवीस अंशांऐवजी बेचाळीस अंश तापमान धरलं तर आणखी पाच टक्के गेली. बॉनेटखालची हवा पासष्ट अंशांवर पोचलेली असते, आणि एअर क्लिनर तिथूनच ओढत असेल तर पुन्हा सात टक्के कमी. सगळं मिळून भर उन्हात इंजिनच्या वाट्याला सहापैकी पाच भागच हवा येते.

पंप मात्र डिझेल तेवढंच सोडत राहतो. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, की काळा धूर येतो, आणि न जळलेल्या डिझेलबरोबर उष्णता वाढते. म्हणून जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, सकाळी सात वाजता सेट केलेला पंप मे महिन्यात धूर ओकतो. आपल्याकडे कुठलंही सेटिंग तपासायचं ते एप्रिल-मेच्या दुपारीच, हा नियम मी स्वतःसाठी करून घेतला आहे.

आणखी एक गैरसमज. पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडलं की तापमान वाढतं, म्हणून पेट्रोलवाले इंधन थोडं जास्त ठेवतात. डिझेलचं नेमकं उलट आहे. इथे जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. पेट्रोलचा अनुभव असलेल्या मित्राचा सल्ला डिझेलच्या गाडीवर वापरू नका.

इंजिन ओळखा, आकडे लिहा

एमएम ५४० मध्ये बहुधा प्यूजोचं एक्सडीपी इंजिन असतं. २११२ सीसी, नवीन असताना ६२ बीएचपी, ओढ (टॉर्क) १२० न्यूटन मीटरच्या आसपास. महिंद्राच्या अनेक जीपांमध्ये एमडीआय आहे. २५२३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिलिमीटर. स्ट्रोक लांब असल्याने ते खालच्या फेऱ्यांत ओढतं, जास्त फिरवलेलं त्याला आवडत नाही. कंपनीने याच २५२३ सीसीला टर्बो लावून २०१० च्या थारमध्ये बसवलं तेव्हा बीएचपी ठेवली फक्त ६३, पण ओढ नेली १८० न्यूटन मीटरपर्यंत, तीही अठराशे आरपीएमच्या आत. एक्सडीपी आणि ते इंजिन बीएचपीत जवळपास सारखंच, ओढीत दीडपट. उसाच्या फडातून, काळ्या मातीतून, घाटातून चालणाऱ्या गाडीला काय लागतं हे कंपनीला माहीत होतं. तुम्हालाही ओढच हवी आहे, फक्त तुम्ही तिला पॉवर म्हणता.

कामाला हात लावण्याआधी एक वही करा. रिकामी गाडी, स्वतः एकटे, टायरमध्ये बरोबर हवा. तुळजापूर घाटाच्या पायथ्याची एखादी ठरलेली खूण ते वरची ठरलेली खूण, तिसऱ्या गिअरमध्ये किती सेकंद लागले, वर पोचल्यावर पाण्याचं तापमान किती, धुराचा रंग कोणता, दिवसाची वेळ कोणती, हे सगळं लिहा. वाहतूक असेल तर तो प्रयत्न सोडून द्या, दुसऱ्या दिवशी करा. पुढे प्रत्येक कामानंतर हीच फेरी मारायची. एका वेळी एकच काम, नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते तपासून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. घरच्या घरी करायची खूण म्हणजे गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण हलकेच उचलायचं. तिथून भकाभका धूर आला तर मिस्त्री लोक म्हणतात तसं इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. पिस्टनच्या रिंगा, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) थकले आहेत. अशा इंजिनची ताकद वाढवता येत नाही, आधी त्याचं पूर्ण काम काढावं लागतं. हे ऐकायला जड जातं, पण थकलेल्या इंजिनवर पंप वाढवणं म्हणजे आजारी बैलाला चाबूक मारणं आहे.

हरवलेली ताकद परत मिळवा

तीस वर्षांच्या गाडीत ६२ पैकी किती बीएचपी चाकापर्यंत पोचतात हे तपासून पाहिलं की पहिल्यांदा नवल वाटतं. जास्त ताकद गेलेली असते ती बारीकसारीक गोष्टींत.

सुरुवात ॲक्सिलरेटरपासून करा. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल पूर्ण दाबायला बसवा आणि स्वतः पंपावरचा लिव्हर पाहा. लिव्हर शेवटच्या स्टॉपर बोल्टला टेकला पाहिजे. माझ्या गाडीत पेडल फ्लोअरला टेकलं तरी लिव्हर आणि बोल्ट यांच्यामध्ये बोटभर फट होती. आधीच्या मालकाने घातलेलं जाड मॅटिंग आणि ढिली झालेली केबल, एवढंच कारण. मॅटिंग कापलं, केबल ताणली, खर्च शून्य. घाटातला वेळ अकरा सेकंदांनी कमी झाला. ज्याने मला पंप मोकळा करून दिला होता, त्याने हे पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर हवेचा रस्ता. जुन्या जीपांना ऑइल बाथ एअर क्लिनर असतो. वाटीतलं ऑइल खुणेपर्यंतच हवं. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल आत ओढतं, कमी असलं तर मार्डी, नान्नजकडच्या पांदीतली धूळ थेट लायनर खाते. वाटीच्या तळाला चिखलासारखा थर दिसला की धुऊन नवीन ऑइल. क्लिनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप हाताने पिळून पाहा, पिळल्यावर भेगा उघडतात. आणि जमलं तर क्लिनरचं तोंड पुढच्या ग्रिलकडून बाहेरची हवा घेईल असं करा, तोंडाशी पाणी उडणार नाही याची काळजी घेऊन. वर सांगितलेले सात टक्के इथेच परत मिळतात. मी आजवर केलेल्या कामांत पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा याच पाइपने दिला.

डिझेलचा रस्ता सोपा आहे. टाकीतला गाळ, दोन्ही फिल्टर, पाइपांचे जोड. कुठे एअर घेत असेल तर गाडी सकाळी उशिरा पकडते आणि चढावर दम तोडते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मॅन्युअलमधल्या मापाने, फीलर गेजनेच सेट करा, कानाने नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल पंप-नोझलवाल्याच्या बेंचवर तपासून घ्या. डिझेल धुक्यासारखं फवारलं पाहिजे. धार किंवा थेंब दिसले तर ते नोझल पिस्टनला भोक पाडू शकतं. पंपाचं टायमिंगही त्याच वेळी बघून घ्या.

चाकंही तपासा. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न्या, लावू नका, चटका बसेल. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक अडकतोय. तुमचं इंजिन तो ब्रेक ओढत चाललं आहे.

टायरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे सगळेच फसतात. मूळचा टायर ६.०० - १६, उंची साधारण साडेअठ्ठावीस इंच. दिसायला भारी म्हणून एकतीस इंची टाकला की एका फेरीत गाडी नऊ टक्के जास्त अंतर जाते, म्हणजे चाकावरची ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते. शिवाय टायर जड, ब्रेकवर ताण जास्त, आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, कमी दाखवतो. अनेकजण आधी मोठे टायर घालतात आणि मग गेलेली ओढ पंपातून काढायला जातात. मूळ मापाचे टायर परत बसवणं ही सगळ्यात सुरक्षित ताकदवाढ आहे. मोठेच हवे असतील तर त्या मापाला जुळणारे क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरांची जोडी) पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना एकाच गुणोत्तराचे बदलावे लागतात. एकाच ॲक्सलचे बदलून फोर व्हील टाकलं तर ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, तुटते.

आणि गाडीत आधीच असलेला लो गिअर विसरू नका. ट्रान्सफर केसच्या लोमध्ये ओढ साधारण अडीचपट होते. कुठलाही पंप किंवा टर्बो एवढं देत नाही. ओल्या काळ्या मातीत लो टाकून दुसऱ्या गिअरमध्ये निवांत निघा. फक्त कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगाचा फरक सोसणारी सोय नसते, सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांवर येतो. ताकद वाढवल्यावर तर ही चूक आणखी महाग पडते.

कूलिंग

इथे पैसे वाचवू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. रेडिएटरमध्ये तेच ओतत राहिल्याने नळ्यांमध्ये आणि वॉटर जॅकेटमध्ये पांढरा थर बसतो आणि पाणी फिरलं तरी उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घ्या, नळ्या फार बसल्या असतील तर नवीन कोअर घाला. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. रेडिएटरचं झाकण दाब धरतं का ते पाहा. दाब धरला की पाणी उशिरा उकळतं, साधं वाटणारं हे झाकण म्हणून महत्त्वाचं. फॅनभोवतीचं पत्र्याचं आवरण बहुतेक जुन्या गाड्यांतून गायब असतं. ते नसेल तर फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. शोधून बसवा, नाहीतर पत्रेवाल्याकडून करून घ्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, काढून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. गाडी तापते म्हणून काढतात. थर्मोस्टॅटशिवाय बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता जवळच्याच वाटेने इंजिनात परत जाऊ शकतं, आणि थंडीत इंजिन नीट तापतच नाही, लायनर झिजतात. नवीन घाला. घालण्याआधी दोऱ्याने बांधून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का ते डोळ्यांनी बघा.

डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर विश्वास ठेवू नका. नळीवाला मेकॅनिकल टेंपरेचर गेज आणि ऑइल प्रेशर गेज लावा. हे दोन नाहीत तोवर पुढे वाचायची गरज नाही.

ब्रेक, स्टिअरिंग, क्लच

माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. ताकद वाढवायच्या आधी ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर, होज पाइप नवीन, ब्रेक ऑइल बदललेलं, हँडब्रेक चढावर गाडी धरतोय, एवढं झालंच पाहिजे. स्टिअरिंगचा प्ले, किंगपिन, पाट्यांचे बुश तपासा. घाट चढून गेलेली गाडी तोच घाट उतरते. क्लच बघण्यासाठी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी नाही वाढली तर प्लेट गेली आहे.

आता पंप

एवढं सगळं करून, पुन्हा घाटाची फेरी मारून, वहीतले आकडे पाहून अजूनही कमी वाटत असेल तरच पंपवाल्याकडे जा. पंप बेंचवर लावूनच काम करून घ्या. गाडीवर असतानाच स्क्रू फिरवून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. त्याला सांगायचं ते एवढंच, चारही नोझलना सारखं डिझेल आणि मूळ मापापेक्षा अगदी थोडं जास्त. चारांतला एखादा जास्त घेत असेल तर त्याच पिस्टनचा जीव जातो. वरची आरपीएम मर्यादा, म्हणजे गव्हर्नर, अजिबात वाढवू देऊ नका. एमडीआयसारख्या लांब स्ट्रोकच्या इंजिनात ती वाढवणं म्हणजे कनेक्टिंग रॉडवर थेट जोखीम.

परत आल्यावर दुपारी घाट. चढावर मागे किंचित करडी झाक चालेल. ठळक काळा धूर दिसला तर परत जाऊन कमी करा. काळा धूर म्हणजे ताकद नाही, न जळलेलं डिझेल आणि उष्णता. निळा दिसला तर ऑइल जळतंय. गरम इंजिनवर पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर तिथेच थांबा. पीयूसीचाही विचार करा. बीएस ४ या प्रदूषणाच्या मापदंडापूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. पंप फार मोकळा केला तर ती ओलांडली जाते.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडक्यात. जुन्या विलीज घराण्यातल्या सीजे ३बी चं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं आहे. त्यात कार्बुरेटरची पूर्ण सर्व्हिस, डिस्ट्रिब्युटरची झीज, बरोबर इग्निशन टायमिंग आणि व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं), एवढ्यावरच गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम फुगतात, कडक होतात. ते आधी बदला, गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल गळणं हा आगीचा धोका आहे.

टर्बो आणि इंजिन बदलणं

नवख्याने टर्बोच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. करायचाच असेल तर ताजं, पूर्ण काम झालेलं इंजिन, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) अर्ध्या बारच्या आत, टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्ट टेंपरेचर गेज. सलग चढावर तो सातशे अंशांकडे जायला लागला की पाय काढायचा. टर्बोतून ऑइल परत येणारी नळी जाड, सरळ खाली उतरणारी हवी. गाडी थांबवल्यावर एक-दोन मिनिटं आयडलला ठेवूनच बंद करायची, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो.

दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवायचा मोह सगळ्यांना होतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असलं तरी आधी आरटीओची मंजुरी, मग काम. टर्बोबद्दलही आधी लेखी विचारा. आपल्या एमएच १३ च्या पंधरा वर्षांपुढच्या गाड्या दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जातात, तेव्हा चासी आणि इंजिन नंबर पाहिले जातात. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच पाहते. तुमची गाडी पन्नाशीला आली असेल तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. बदललेलं इंजिन तो हक्क घालवतं.

पंपाचं काम झाल्यावरचे पहिले पाचशे किलोमीटर

दर शंभर किलोमीटरला थंड इंजिनवर डिपस्टिक आणि रेडिएटर पाहा. मॅनिफोल्डचे नट, इंजिन फाउंडेशनचे बोल्ट, प्रॉपेलर शाफ्टचे नट पाना लावून तपासा. ताकद वाढली की ढिलं काय होतं तर हेच. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं ऑइल पांढऱ्या स्टीलच्या ताटलीत ओतून उन्हात तिरपं धरा. चकचकीत कण दिसले तर बेअरिंग बोलतंय, गाडी उभी करा. नसतील तर टॅपेट पुन्हा मोजा, मग मे महिन्याच्या दुपारी घाटाची शेवटची फेरी मारा. या वेळी चार माणसं बसवून, वरपर्यंत न थांबता. माझा काटा आता एकदाही लालच्या जवळ जात नाही. वर पोचलो की दोन मिनिटं आयडल, वहीत वेळ आणि तापमान, आणि मग देवीचं दर्शन.